अडीच फुटांखालची नोकरी

तमाम वाचकांना, त्यातही जे हा अंक उभ्याउभ्या चाळत आहेत त्यांना, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की आपल्या पायाखाली, जमिनीत अडीच फुटांवर, काहीतरी असण्याची दाट शक्यता आहे. घाबरून उडी मारू नये. हातात पहार, कुदळ, टिकाव किंवा मांडवाची मेख असल्यास ती हळूच बाजूला ठेवावी आणि मगच पुढचं वाचावं.

ही सूचना मी पंचवीस वर्षं देत आलो आहे. लग्नाच्या मांडवात दिली, गणपतीच्या मंडपात दिली. एकदा मेहुण्याच्या लग्नात जयमंगल अष्टगाथा चालू असताना दिली, कारण मांडववाला नवरदेवाच्या मागं खांब रोवायला निघाला होता आणि तिथून माझी केबल गेली होती. अष्टगाथा थांबली. मेहुणा अजून बोलत नाही. केबल मात्र शाबूत आहे.

तर मी भूमिगत माणूस. क्रांतिकारक वगैरे नव्हे, वायरमन. रस्त्यावरच्या खांबापासून तुमच्या मीटरपर्यंत जी वीज येते त्या तुकड्याला आमच्या धंद्यात 'सर्व्हिस' म्हणतात. बहुतेकांची सर्व्हिस हवेतून येते. तिच्यावर कावळे बसतात, पतंग अडकतात, आणि घरमालक पाहुण्यांना बोट दाखवून सांगतो, ही आमची लाईन. माझी सर्व्हिस जमिनीखालून जाते. तिच्यावर कुणी बसत नाही आणि तिच्याकडं कुणी बोटही दाखवत नाही.

काम ऐकायला सोपं आहे. अडीच फूट खोल चर खोदायचा. तळाला चार बोटं वाळू. तिच्यावर केबल, पण ताणून नाही, नदीसारखी सैल, वळणं घेत. आपली काळी माती फार लहरी. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि ताणलेली केबल तिच्या हाती सापडली तर ओढून तोडते. केबलवर पुन्हा वाळू. वाळूवर आडव्या विटा. लोक विचारतात, वीट काय वाचवणार? वीट काहीच वाचवत नाही. उद्या कुणी खोदायला आला तर त्याची पहार विटेवर आपटते आणि तो क्षणभर थांबतो, 'इथं वीट कशी?' म्हणतो. त्या एका क्षणासाठी आम्ही एवढ्या विटा पुरतो. बैलगाडीची वाट आडवी आली तर केबल लोखंडी पाइपातून न्यायची. दोन्ही टोकांना एकेक वेटोळं जास्तीचं ठेवायचं, पुढं कधी दुरुस्ती लागली तर उपयोगी पडावं म्हणून. हे सगळं नियमाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. पंख्याखाली बसून कुणीतरी लिहिलं असेल असं मला तरुणपणी वाटायचं. पुढं कळलं की त्यातल्या प्रत्येक ओळीमागं कुठंतरी एक पहार आहे आणि ती धरणारा एक माणूस.

मी अहमदपूरचा. वडील तिथल्या धान्याच्या मोंढ्यात हमाल. धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांनी ठरवलं होतं की पोरांच्या पाठीवर पोतं येणार नाही, पोरं हातात कागद असलेलं काम करतील. मी नांदेडला आयटीआय करून कागद मिळवला, आणि त्याच आठवड्यात माझ्या हातात पहार आली. वडिलांनी कागदाकडं पाहिलं, पहारीकडं पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "हे दोन्ही तुझंच हाय का?"

पुढं काही वर्षांनी आमचा नवा जिल्हा झाला. रात्री एका जिल्ह्यात झोपलो आणि सकाळी दुसऱ्या जिल्ह्यात उठलो. गावं तिथंच, बाभळी तिथंच, फक्त जिल्ह्याचा पत्ता जवळ आला. लातुरात मिळेल त्या छपराखाली कचेऱ्या बसल्या. एक सरकीच्या गोदामात बसली, तिथल्या कारकुनाच्या केसात नेहमी कापूस असायचा. आणि नव्या जिल्ह्याच्या नव्या इमारतींसमोर खांब आणि लोंबत्या तारा बऱ्या दिसेनात, म्हणून जमिनीखालच्या सर्व्हिसची फॅशन आली. मी ज्या कंत्राटदाराकडं होतो त्याच्याकडं या कामाचं परमिट असलेला सुपरवायझर एकच होता. नम्रपणे सांगतो, तो मी.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. अहमदपूरच्या एका आडत्याच्या दुकानात केबल नेली आणि बोळाच्या वळणावर नियमाप्रमाणं खुणेचा दगड पुरला. दगडावर विजेचा बाण कोरलेला. महिनाभरानं गेलो तर दगडाला शेंदूर. आडते म्हणाले, "राहू द्या हो. शनिवारी बायका तेल घालून राहिल्यात, कुणाचं मन कशाला मोडता?" मी त्या दगडाला हात जोडत नाही, आमच्या घरात ती रीत नाही. पण खरं सांगायचं तर अख्ख्या तालुक्यात माझी केबल कुणी कधीच खोदली नाही अशी ती एकच जागा.

लोह्याचे एक निवृत्त गुरुजी याहून वरचढ. केबल त्यांच्या अंगणातून गेली, आणि ते रोज पहाटे तिच्या रेषेवरून दोन्ही हात पसरून, डोंबाऱ्यासारखे तोल सांभाळत चालायला लागले. विचारलं तर म्हणाले, "तळव्याला गोड लागतं." मी समजावलं की गुरुजी, खाली अडीच फूट माती आहे, वर काही लागणं शक्य नाही. ते म्हणाले, "तुम्ही अनवाणी चालून बघितलंय का?" मी म्हटलं नाही. "मग?" एवढंच म्हणून ते चालत राहिले. एक दिवस आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी चपला काढल्या आणि चाललो. काय लागलं ते सांगणार नाही. पुस्तकात बसत नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

त्या वर्षी दुष्काळ होता. दुपारी रस्त्यावर पाणी दिसायचं आणि जवळ गेलं की सरकून पुढं बसायचं. जमिनीला एवढ्या भेगा की सायकलची किल्ली पडली तर तिचा आवाज यायला वेळ लागायचा. चाकूर आणि अहमदपूर यांच्या मधे, सडकेपासून आत, हिंगणवाडी नावाचं गाव होतं. गावची विहीर आटली होती. दिवसाआड टँकर यायचा, घरटी ठरलेल्या घागरी मिळायच्या. मग गावाबाहेर एक बोअर घेतला आणि त्याला दोनशे फुटांखाली पाणी लागलं. पाणी लागलं, पण वर येईना, कारण बोअरला मोटर हवी, मोटरला वीज हवी, आणि शेवटचा खांब आणि बोअर यांच्या मधे जनावरांची छावणी. छावणीत कडब्याच्या गंजी उभ्या. त्यांच्यावरून उघड्या तारा नेल्या आणि एक ठिणगी पडली तर जनावरं आणि चारा दोन्ही गेलं. म्हणून जमिनीखालून केबल न्यायचं ठरलं आणि मला बोलावणं आलं.

चर खोदायला रोजगार हमीची माणसं दिली होती, हिंगणवाडीचीच, बाया आणि गडी मिळून चाळीसेक. त्यांचा मुकादम दिगंबर. उंच, किडकिडीत, बोलताना डोळे मिटणारा. आपलं एक वासरूही त्यानं त्याच छावणीत बांधलं होतं. मी चुन्यानं रेघ मारून दिली, खोली समजावली, केबल आणि विटा उतरवल्या. वाळूची चिंता नव्हती, नदीत त्या वर्षी तीच वाहत होती. मग स्विच आणि टोकाचं सामान आणायला मी लातूरला गेलो. तिथं दोन दिवस लागले.

परतलो तेव्हा दुपार होती. छावणीजवळ पोचलो आणि पाहतो तर चर बुजलेला. वरून माती सारवल्यासारखी सपाट, मधोमध झेंडूचं एक वाळकं फूल. मुकादम डोळे मिटून हसला.

"झालं की वायरमन! समदं टाकून मोकळे. वाळू, केबल, विटा, जसं सांगितलं तसं. तुमची कशापायी वाट बघायची?"

मला खरोखर भरून आलं. मी त्याची पाठ थोपटली. मग धंद्याच्या सवयीनं एक बारीक गज घेतला आणि जमिनीत दाबत निघालो. गज दीड-दोन फूट गेला आणि टक् करून विटेवर बसला. उत्तम. पुढं पुन्हा टक्. उत्तम. आणखी पुढं गज जेमतेम वीतभर गेला आणि खर्र झालं. वीट नव्हती. मी गुडघ्यावर बसून हातानं माती काढली. वीतभर मातीखाली माझी काळी केबल वर पाठ काढून बसली होती.

वीस फुटांवर पुन्हा तेच. त्यापुढं पुन्हा. खांबापासून बोअरपर्यंत माझी केबल उंटांच्या तांड्यासारखी चढत उतरत गेली होती.

"मुकादम, हे काय?"

"ती साक्ष हाय," मुकादम म्हणाला.

हे बाहेरच्यांना सांगायला हवं. रोजगार हमीवर माती खोदताना मधे मधे एकेक मातीचा खांब न खोदता तसाच ठेवतात. किती खोल खोदलं ते मोजायला साहेब येतो, त्याला त्या खांबावरून कळतं की जमीन मुळात कुठपर्यंत होती. मुकादम त्या खांबाला साक्ष म्हणायचा. तलावाच्या मागच्या कामावर कुणीतरी घाईनं साक्षी पाडल्या होत्या आणि साहेब म्हणाला होता, तुम्ही खोदलंच नाही, हा खड्डा आधीपासूनच होता. चाळीस माणसांची राबणूक खोटी ठरली होती. तेव्हापासून मुकादमानं शपथ घेतली होती की मोजणी होईतो साक्षीला हात लावायचा नाही. तळं असो की केबलचा चर.

"पण केबल बसावी म्हणून प्रत्येकीचा शेंडा वीतभर तासला की!" तो समजुतीनं म्हणाला. "तुमची बी सोय बघितली."

एव्हाना गाव जमलं होतं. सगळ्यांच्या पुढं मथुराबाई. साठी ओलांडलेली, घरची शेती एकटीनं सांभाळणारी, आवाज असा की छावणीतले बैल कान टवकारायचे.

"काय झालं रे बाबा? दाब की बटन."

"मावशी, केबल वर आलीय. पुन्हा खोदावं लागेल. उद्या चालू करू."

मग मुकादमानं मला सांगितलं ते असं. त्या सकाळी टँकर यायचा होता, तो आलाच नाही. सडकेवर ड्रायव्हर भेटला, तो म्हणाला, तुमच्या गावचं काम पुरं झाल्याचा कागद आलाय, आता तुमचं नाव माझ्या यादीत नाही. कुठल्यातरी टेबलावर, केबल पुरली म्हणजे पाणी आलं, असा हिशेब झाला होता. गावात शिल्लक होतं ते काल-परवाचं. आणि टेस्ट रिपोर्टावर माझी सही झाल्याशिवाय लाईनमन खांबावर जोडणी देणार नव्हता. म्हणजे हिंगणवाडीचं पाणी आता माझ्या खिशातल्या पेनात होतं.

"उद्या म्हणं!" मथुराबाई कडाडली. "लाईट काय बियाणं हाय का, खोल पेरलं तरच उगवतंय? एवढा खोलीचा सोस आसंल तर तुझ्या घरी खंदून घे. हितं गाव तहानेनं बेजार होऊन राहिलं."

"मावशी, नियम आहे."

"नियम पितेत का?"

लोक हसले नाहीत. मला मात्र, शरम वाटते सांगायला, हसू आलं, आणि त्याच वेळी खिशातल्या पेनाकडं हातही गेला. वीतभर तर वीतभर. आठ दिवसांनी येऊन नीट करू. कुणाला कळणार आहे? जमिनीखालच्या कामात हा मोह रोजचा आहे. माती लोटली की सगळं सारखंच दिसतं.

तेवढ्यात ठण ठण आवाज आला. छावणीत एक म्हातारा आपला बैल सावलीत बांधायला लोखंडी खुंटा ठोकत होता. केबलच्या रेषेपासून दोन हातांवर.

मी गेलो, त्याच्या हातातून खुंटा आणि हातोडा मागून घेतला आणि परत आलो. जिथं केबल वर आली होती तिथं खुंटा उभा धरला. नाटकाची हौस मला लहानपणापासून.

"मुकादम, समजा बटन दाबलं. करंट चालू आहे. घ्या हातोडा, ठोका."

"मला काय यडं समजता?"

"नाही ठोकणार?"

"न्हाई."

"तुम्ही नाही, कारण तुम्हाला माहिती आहे. मग कोण ठोकेल?"

सगळ्यांच्या माना एकदम त्या म्हाताऱ्याकडं वळल्या. तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. त्याला वाटलं आपलं काही चुकलं. म्हणाला, "न्हाई म्हणत आसाल तर तिकडं बांधतो."

मुकादमानं हातोडा घेतला आणि खाली ठेवला. मथुराबाईंनी पदर खोचला. एवढंच. कुणी मला बरोबर म्हटलं नाही, पण पाच मिनिटांत टिकाव चालू झाले. विटा निघाल्या, केबल उचलून काठाला ठेवली आणि चर पुन्हा उघडा झाला. राहिल्या त्या साक्षी, एकेक दात उरावा तशा उभ्या. पहिल्या साक्षीजवळ मुकादम आडवा आला.

"हिला हात लावायचा न्हाई. उद्या सायेब म्हणंल, खंदलंच न्हाई."

"मी लिहून देतो की."

"तुमची सही चालंल का तिथं?"

"माझी सही घरी बी चालत नाही मुकादम," मी म्हटलं, "पण मोजून, सगळ्यांसमोर लिहून देईन."

तो डोळे मिटून मान हलवत राहिला. आधी फसवलेल्या माणसाला समजावणं कठीण असतं, कारण त्याचं चुकत नसतं. शेवटी मथुराबाई ओरडली, "आरं, मातीचीच साक्ष पाहिजे का? माणसं काय मेली हायेत का? उतरा रे समदे!"

आणि ती चरात उतरली. तिच्या मागं तिची सून, मग बाया, मग गडी, मग तो खुंटेवाला म्हातारा, त्याला दोघांनी धरून उतरवलं. खांबापासून बोअरपर्यंत सगळं गाव चरात एका ओळीत उभं राहिलं, मांडीपर्यंत जमिनीत. मी काठावरून टेप घेऊन चाललो आणि प्रत्येकापाशी खोली मोजून कागदावर नावासकट लिहीत गेलो. ऊन उतरायला लागलं होतं. धुळीतून सगळं सोनेरी आणि जरा पुसट दिसत होतं. मला क्षणभर वाटलं, ही माणसं कुणीतरी पेरली आहेत आणि ती आत्ताच उगवून वर येताहेत. शेवटच्या माणसापाशी मी लिहिलं आणि खाली सही केली. मुकादमानं कागद घडी करून टोपीत ठेवला आणि पहिल्या साक्षीवर पहिला टिकाव त्यानंच घातला.

दिवस मावळेपर्यंत चर साफ झाला. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा वाळू, पुन्हा केबल, वळणं घेत, सैल. पुन्हा विटा, टोकापासून टोकापर्यंत. मुकादम त्या सकाळी उशिरा आला. त्याचं वासरू आदल्या दिवशी दुपारी बसलं होतं ते उठलं नाही. मला दुसऱ्याकडून कळलं. मी त्याच्याजवळ गेलो तर माझ्याआधी तोच म्हणाला, "तुमच्यामुळं न्हाई. ते आधीच बसलं होतं." आणि विटा देत राहिला. तो खरं बोलला की माझी समजूत काढली, हे मला अजून माहीत नाही. आदल्या दुपारी मी सही केली असती तर संध्याकाळी पाणी आलं असतं, एवढं माहीत आहे.

दहाच्या सुमाराला हँडल फिरवायच्या मीटरनं केबलची चाचणी घेतली. तिची हरकत नव्हती. मग मोटरच्या अर्थिंगची चाचणी घेतली आणि काटा भलतीकडंच जाऊन बसला.

अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला एक भोकाभोकांचा पाइप, भोवती मीठ आणि कोळसा. मोटरच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून न जाता या पाइपातून जमिनीत जावी, म्हणून तो. पण जमीन तिला घेते ती ओली असली तरच. हिंगणवाडीची जमीन खारीसारखी खुसखुशीत कोरडी होती. ती वीज घेणार नव्हती. आणि या मोटरजवळ रोज उभ्या राहणार होत्या त्या बाया, ओल्या पायांनी, हातात पितळी घागरी घेऊन.

इलाज पुस्तकात एका ओळीत दिला आहे. खड्ड्यात पाणी घालावे.

ती ओळ मी मनात चार वेळा म्हणून पाहिली. तोंडातून निघेना. सांडपाणी चाललं असतं, पण त्या गावात त्या वर्षी सांडायला काही नव्हतं. भांडी राखेनं घासत होते, अंघोळीचं पाणी जनावरांना जात होतं. बोअरमधे पाणी होतं, पण त्या भोकात तांब्यासुद्धा उतरत नव्हता. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. शेवटी मी बोअरच्या पाइपाकडं बघत म्हणालो, "दोन घागरी पाणी लागेल."

"प्यायला?" मथुराबाईंनी विचारलं.

"या खड्ड्यात ओतायला."

"खड्ड्यात."

"हाव."

"चांगलं पाणी."

"कसलं पण चालेल, मावशी. पण दुसरं कुठाय?"

मला वाटलं आता मात्र हे लोक मलाच त्या खड्ड्यात घालतील. घातलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. मथुराबाई वळली आणि गावाकडं चालू लागली. मी समजलो, संपलं. लोक एकेक करून बाभळीच्या सावलीत जाऊन बसले.

ती परत आली तेव्हा डोक्यावर एक घागर आणि मागं सुनेच्या कडेवर दुसरी. सुनेचे डोळे लाल होते. घरात आता काही राहिलं नाही, हे विचारायची गरज नव्हती. मथुराबाईंनी घागर डोक्यावरून उतरवली आणि सरळ माझ्या दोन्ही हातांत दिली. याच शिवारात माझे वडील तरुणपणी कामाला आले होते, आणि त्यांना पाणी मिळालं ते वरून, ओंजळीत. हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. घागर जड होती.

"सांडू नको," ती म्हणाली.

मी ओतायलाच निघालो होतो, तरी सांडलं नाही. पाइपाच्या तोंडात बारीक धार धरली. आतून कोळशाचा चुर्र आवाज आला, मग गुडगुड, मग काहीच नाही. दुसरी घागरही गेली. जमिनीनं एक थेंब वर ठेवला नाही. आता पाणी मुरेपर्यंत तासभर थांबायचं होतं.

मी बाभळीला टेकलो. डोळा लागला की नाही हे सांगता येत नाही. मला दिसत होतं की ते पाणी मिठातून, कोळशातून हळूहळू खाली चाललंय. माझ्या केबलच्या बाजूनं गेलं, विटांच्या पोटाखालून गेलं, भेगांच्या तोंडांना जरा जरा देत गेलं, आणि पार खाली, दोनशे फुटांवर, जिथं दुसरं पाणी अंधारात बसलं होतं, तिथं जाऊन म्हणालं, चला. छावणीत बैल रवंथ करत होते. कुठंतरी दूर एसटीचा आवाज येत होता आणि ती येत नव्हती. गाव सावलीत बसून माझ्या झोपेची राखण करत होतं, कारण मी उठल्याशिवाय काहीच होणार नव्हतं.

उठलो. हँडल फिरवलं. काटा जरासा हलला, थांबला, आणि मग आपली जागा आठवल्यासारखा खाली आला.

मी बाभळीच्या खोडावर कागद ठेवून सही केली. लाईनमननं खांबावर जोडणी दिली. मी स्विच टाकला. आधी जमिनीतून एक हुंकार आला. मग पाइपानं खूप वेळ नुसती हवा टाकली, मग चिखल, मग तांबडं, मग गढूळ, आणि मग असं पाणी की बायांनी घागर खाली धरायचं विसरून नुसते हात धरले. मुकादम डोळे उघडे ठेवून उभा होता. पहिल्या दोन घागरी न सांगता मथुराबाईंच्या सुनेच्या भरल्या.

याच वेळी सडकेवरून जीप आली. नव्या जिल्ह्याच्या कामांची पाहणी करायला नायब तहसीलदार निघाले होते. तरुण होते, उत्साही होते, हातात वही होती. पाणी चालू आहे हे त्यांनी पाहिलं. मग कपाळावर हात धरून वर पाहिलं. खांबापासून बोअरपर्यंतचं आभाळ तपासलं. तिथं एक घार होती, बाकी काही नव्हतं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वायर कुठाय? काम पूर्ण झालं म्हणता, आणि इथं तर वायरच नाही. मग मोटर चालतेय कशावर? आकडा टाकलाय का कुठून? असं मी लिहून घेणार नाही. टँकर बंद ठेवायचा की नाही, ते मला आधी वायर दाखवा."

मी नियमाचं पुस्तक काढायला पिशवीत हात घातला. मुकादमानं टोपीतला कागद काढायला टोपीला हात घातला. आमच्या दोघांच्याही आधी मथुराबाई पाइपाखालून भिजलेलं तोंड वर काढून ओरडली,

"वर काय बघून राहिला सायेब? माझ्या दोन घागरी पिऊन ती खाली निजलीय, उगं उठवू नका तिला!"